अनोळखी क्राफ्ट बिअर चाखताना आणि तिच्याबद्दल बोलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आम्ही काही जण अधूनमधून जमतो, आधी कधी न घेतलेल्या बिअर चाखतो आणि प्रत्येकीवर दोन-चार ओळी लिहून एकमेकांना पाठवतो. त्या नोंदी हातोहात पुढे जातात आणि उलट प्रश्न येतात. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. त्याखालच्या मंडळींनी इथेच थांबावं.

१. क्राफ्ट बिअर म्हणजे नेमकं काय? वाइन शॉपमधली नेहमीची बिअर पण बिअरच ना?

हो, बिअरच. कच्चा माल तोच: माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले-भाजलेले जव, हॉप्स नावाच्या वेलाची फुलं, यीस्ट आणि पाणी. मोठ्या कंपनीचं कौशल्य असतं ते लाखो बाटल्या तंतोतंत सारख्या काढण्यात, आणि ते काही सोपं काम नाही. छोटी ब्रूअरी एका वेळी थोडीच बिअर काढते, त्यामुळे तिला प्रयोग परवडतात. कधी गहू घाल, कधी कोकम, कधी हॉप्स दुप्पट. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झालं, मग इंडिपेंडन्स, ग्रेट स्टेट वगैरे नावं आली. मुंबईला गेटवे आली, आणि गोव्यात तर आता कॅनची रांगच लागलीय. मात्र 'क्राफ्ट' लिहिलंय म्हणजे चांगलीच असणार, असं काही नाही.

२. एल आणि लागर यात फरक काय? मेन्यूवर सारखं दिसतं.

फरक यीस्टचा आणि तापमानाचा. एलचं यीस्ट साधारण १५ ते २४ अंश सेल्सिअसला काम करतं आणि आंबताना फळांसारखे वास सोडतं. लागरचं यीस्ट ८ ते १३ अंशांच्या गारव्यात सावकाश काम करतं, आणि ती बिअर पुढे कित्येक आठवडे थंडीत मुरवतात, म्हणून ती साफ, नितळ लागते. रंगाचा याच्याशी संबंध नाही. काळी लागरही असते आणि फिकट एलही.

३. चव घ्यायची म्हणजे करायचं काय? आपण आपली पितोच की!

पिताना आपण गप्पा मारत असतो. चाखताना दोन मिनिटं गप्प बसायचं, एवढाच मुख्य फरक.

ओतल्या ओतल्या ग्लास नाकाशी न्या. उडून जाणारे वास पहिल्या अर्ध्या मिनिटातच जास्त असतात. एक लांब श्वास न घेता दोन-तीन छोटे हुंगे घ्या. मग रंग आणि फेस बघा. पहिला घोट सोडून द्या, त्यात जीभ नुसती जागी होते. दुसरा घोट तोंडभर फिरवा, गिळा, आणि तोंड मिटूनच नाकावाटे श्वास सोडा. खरी गंमत या श्वासात आहे. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि पाचवी ती मांसल उमामी एवढंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो, ते घशामागून नाकात चढलेले वास असतात. पटत नसेल तर नाक चिमटीत धरून घोट घ्या आणि गिळल्यावर सोडा. आंबा, कॉफी, लवंग जे काय असेल ते एकदम उगवतं. वाइनवाले घोट थुंकतात, बिअर चाखणारे बहुधा गिळतात, ते याचसाठी.

गिळल्यावर दहा सेकंद थांबा. मागे काय राहिलं? कडवटपणा, तुरटपणा, की काहीच नाही? ते लिहा. लेबलवर काय छापलंय ते त्यानंतर वाचा. हा क्रम उलटा केलात तर लेबलवरचं 'पॅशनफ्रूट' तुमच्या नाकात आपोआप शिरतं, आणि मग ते बाहेर काढणं कठीण.

४. ग्लास कोणता घ्यायचा? आणि वेटर फेस काढून देतो ते बरं ना?

वरच्या बाजूला थोडा निमुळता होणारा कोणताही काचेचा ग्लास चालेल. घरात वाइनचा असेल तर उत्तम. जाड मग दिसायला भारी असतो, पण त्यात वास पसरून जातो. फ्रीझरमध्ये ठेवून बर्फ धरलेला ग्लास नको. आकारापेक्षा ग्लास स्वच्छ असण्याला महत्त्व आहे. बिअर ओतल्यावर काचेला आतून बुडबुडे चिकटून बसले, तर तिथे तेलाचा किंवा साबणाचा अंश राहिलाय. नीट धुतलेल्या ग्लासात फेस खाली उतरताना काचेवर जाळीदार कडी सोडत जातो.

फेस काढू देऊ नका. दोन बोटं फेस हवाच, बिअरचे वास तोच वर आणतो. 'फेस म्हणजे फसवणूक' ही समजूत आपल्याकडे घट्ट बसलीय. माप कमी वाटत असेल तर वेटरशी मापावरून भांडा, फेसावरून नको.

५. किती थंड असावी? मला एकदम चिल्ड लागते.

तहान भागवायला चिल्ड ठीक. चाखायला नाही, कारण थंडीने वास दबतात आणि जीभ बधिर होते. बऱ्याचदा दोष झाकण्याचा तो सोपा उपाय असतो. हलक्या लागरसाठी ४ ते ७ अंश, बहुतेक एलसाठी ८ ते १२, स्टाउटसाठी, म्हणजे काळपट भाजलेल्या माल्टच्या दाट एलसाठी, १० ते १३ अंश असा अंदाज धरा. थर्मामीटरची गरज नाही. कॅन फ्रिजमधून काढून स्टाउट असेल तर पंधरा-वीस मिनिटं बाहेर ठेवा, लागर असेल तर लगेच ओता. पुण्याच्या मे महिन्यात यातली निम्मीच मिनिटं पुरतात.

६. मला फक्त 'कडू' एवढंच कळतं. बाकीच्यांना आंबा, संत्रं, चॉकलेट कुठून सापडतं? उगाच फेकतात का?

काही जण फेकतात, हे खरं. पण वास खरोखर असतात आणि कुठून येतात तेही ठाऊक आहे.

फळं बहुधा हॉप्सच्या तेलातून येतात. अमेरिकेत १९७२ मध्ये बाजारात आलेल्या कॅस्केड हॉप्सला पपनसाच्या सालीचा वास आहे. तिकडचं क्राफ्टचं वेड ज्या बिअरपासून वाढलं, त्या सिएरा नेवाडाच्या १९८० च्या पेल एलमध्ये तेच आहेत. सिट्रा नावाच्या हॉप्समध्ये आंबा, लिची, लिंबू सापडतं. जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये, म्हणजे हेफेवाइझनमध्ये, पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तिथे केळं-लवंग कोणी घातलेलं नसतं, सगळं यीस्टचं काम. केळ्याचा वास देणारं आयसोअमाइल अॅसिटेट हे रसायन खऱ्या केळ्यातही असतं. बेल्जियन विटबिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखर घालतात. कॉफी, चॉकलेट, करपलेल्या भाकरीचा वास हे काळपट भाजलेल्या माल्टचं देणं, आणि चिक्की किंवा काकवीसारखा गोडवा मध्यम भाजलेल्या माल्टचा.

सराव स्वयंपाकघरात होतो. मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या डोळे मिटून हुंगा आणि ओळखा. धणे आणि जिरं यांत गोंधळ होतो ना? बहुतेकांचा होतो. आठवडाभराने होत नाही. मग बिअर चाखताना आठवेल ते लिहा. कच्चा पेरू, फणसाचे गरे, कोकमाचं आगळ, भाजलेला रवा, पावसाळ्यात धड न वाळलेला टॉवेल, नवी सतरंजी, सगळं चालतं. ज्याने गूसबेरी कधी खाल्ली नाही त्याने नोंदीत गूसबेरी लिहू नये. परदेशी याद्यांतून उचललेले शब्द वाचणाऱ्यालाही काही सांगत नाहीत. आमच्यातल्या एकीने एका आयपीएला (इंडिया पेल एल, म्हणजे जास्त हॉप्सची फिकट एल) 'दोन दिवसांपूर्वी कापलेली कैरी' म्हटलं होतं. ती बिअर मी आजही डोळे झाकून ओळखेन.

७. मेन्यूवर आयबीयू लिहितात. जास्त आकडा म्हणजे जास्त कडू?

प्रयोगशाळेत जास्त कडू, तोंडात असेलच असं नाही. आयबीयू हा हॉप्समधून आलेल्या कडू द्रव्यांचा मोजलेला आकडा. हेफेवाइझन ८ ते १५, पिल्सनर (फिकट, कडवट लागर) साधारण २५ ते ४५, आयपीए ४० ते ७०. पण ७० आयबीयूची गोडसर, दाट इम्पीरियल स्टाउट (जास्त अल्कोहोलची स्टाउट) जिभेला ४० च्या कोरड्या पिल्सनरपेक्षा सौम्य वाटू शकते, कारण माल्टचा गोडवा कडवटपणा झाकतो. एका प्रकारातल्या दोन बिअरची तुलना करायला आकडा उपयोगी. प्रकार बदलला की त्याचा भरवसा नाही.

८. आयपीएतला 'आय' म्हणजे इंडिया. मग ती आपल्याकडची का?

नाही, इंग्लंडची. लंडनच्या हॉजसनच्या ब्रूअरीतून आणि पुढे १८२० च्या दशकापासून बर्टन-अपॉन-ट्रेंट गावातून अशी फिकट, जास्त हॉप्सची बिअर जहाजाने इकडच्या इंग्रजांसाठी यायची. बर्टनच्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्याने हॉप्सचा कडवटपणा धारदार होतो. आज आपल्या ग्लासात येते ती आयपीए बहुधा अमेरिकन वळणाची, फळांच्या वासाची असते. त्या जुन्या बिअरशी तिचं नातं फार दूरचं.

९. आयपीएला चक्क गांजासारखा वास आला. काही मिसळतात का?

नाही. हॉप्स आणि गांजा एकाच कुळातल्या वनस्पती आहेत आणि मिर्सीनसारखी काही सुगंधी तेलं दोन्हींत सापडतात. नशा आणणारं द्रव्य हॉप्समध्ये नसतं. नोंदीत तसं लिहायला लाजू नका, ब्रूअर लोक स्वतःही लिहितात.

१०. चार-पाच प्रकार एकदम मागवले तर कुठून सुरुवात करू?

हलक्याकडून जडाकडे. आधी लागर किंवा गव्हाची, मग पेल एल, मग आयपीए, शेवटी स्टाउट. आंबट बिअर आयपीएच्या आधी, अल्कोहोल जास्त असलेली सगळ्यात शेवटी. ब्रूअरीत छोट्या ग्लासांचा सँपलर मिळतो तोच घ्या. पण सहा ग्लास १०० मिलीचे, सरासरी ६% चे धरले तरी जवळजवळ २८ ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं. ४.८% च्या ३३० मिलीच्या दोन पिंटमध्ये २५ ग्रॅम असतं. 'नुसतं चाखलं' म्हणून कमी होत नाही. चौथ्या-पाचव्या बिअरनंतरच्या नोंदी मी फारशा गंभीरपणे वाचत नाही, स्वतःच्याही नाहीत.

११. चखणा काय ठेवायचा?

चाखून होईपर्यंत पाणी आणि साधे कुरमुरे किंवा पाव. मसाला पापड, लसणाची चटणी, चकली नंतर. तिखटाने कडवटपणा अंगावर येतो, आणि लसूण तर पुढचा तासभर सगळ्या बिअरमध्ये लागतो. पान, तंबाखू, मिंटची गोळी नको. अत्तर लावून येऊ नका, शेजारच्याचं नाक बाद होतं.

१२. एवढे पैसे देऊन चढतही नाही. ८% वाली स्ट्राँग घेतलेली बरी नाही का?

चढण्यासाठी घ्यायची असेल तर हे पान तुमच्या कामाचं नाही, राग मानू नका. आपल्याकडे स्ट्राँगचीच सवय आहे, त्यामुळे बिअरची किंमत टक्क्यांत मोजली जाते. ४.५% च्या बिअरमध्ये चवीची चूक लपवायला जागा नसते. चांगली पिल्सनर काढणं हे ब्रूअरच्या हाताची परीक्षा घेणारं काम आहे, आणि मेन्यूवर सगळ्यात कमी कौतुक तिच्याच वाट्याला येतं.

१३. ग्लासात गढूळ बिअर आली. दुसरीकडे एकदम आंबट आली. परत करू?

आधी प्रकार विचारा. हेफेवाइझन, विटबिअर आणि 'हेझी' आयपीए गढूळच असतात. त्यात यीस्ट, प्रथिनं, हॉप्सचे कण तरंगतात. उलट पिल्सनर गढूळ आली तर शंका घ्यायला जागा आहे, मात्र 'अनफिल्टर्ड' लिहिलेलं असेल तर नाही.

आंबटाचंही तसंच. जर्मनीतली गोजे मुळातच आंबट, त्यात मीठ आणि धणे. बर्लिनर वाइसही आंबट. ब्रुसेल्सच्या परिसरातली लाम्बिक हवेतल्या रानटी यीस्टवर आंबवतात आणि लाकडी पिंपांत वर्षानुवर्षं मुरवतात. तिला घोड्याच्या तबेल्याचा वास येतो, आणि लोक त्याच वासासाठी पैसे मोजतात. प्रकार आंबट नसताना आंबट आली, तर पुढचा प्रश्न बघा.

१४. बिअर खरोखर बिघडलीय हे कसं ओळखायचं?

वासावरून. घरी ओळखता येतील असे नेहमीचे दोष हे.

भिजलेल्या पुठ्ठ्याचा, जुन्या वहीचा वास म्हणजे बिअरला हवा लागलीय किंवा ती उन्हाळ्यात गोदामात पडून राहिलीय. आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडणारा दोष हाच.

रबर जळल्यासारखा, गंधकाचा उग्र दर्प म्हणजे प्रकाश लागलाय. हॉप्समधल्या द्रव्यावर प्रकाश पडला की हे होतं. तपकिरी बाटली बरीच वाचवते, हिरवी आणि पारदर्शक फारशी नाही, कॅनला प्रश्नच येत नाही. गोव्यात शॅकवर ग्लास उन्हात ठेवून पोहून या. परत येईपर्यंत चांगल्या बिअरचंही हे होतं, त्याचा दोष शॅकवाल्याला देऊ नका.

लोणी किंवा सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा वास डायअसेटिल या रसायनाचा. यीस्टला काम पुरं करू दिलं नाही, किंवा टॅपच्या नळ्यांत जंतू वाढले. चेक लागरमध्ये आणि काही इंग्लिश एलमध्ये तो किंचित असला तर चालतो.

उकडलेलं कणीस किंवा कोबी म्हणजे बिअर करताना माल्टचं पाणी पुरेसं उकळलं नाही. हिरव्या सफरचंदाचा करकरीत वास आला तर बिअर कच्ची आहे. दवाखान्याचा, बँडेजचा वास पाण्यातल्या क्लोरीनमुळे किंवा नको त्या यीस्टमुळे येतो. व्हिनेगर आलं की ग्लास खाली ठेवा.

पोटाची काळजी सहसा नको. आम्लता, अल्कोहोल आणि हॉप्स यांच्यामुळे आजार पसरवणाऱ्या जंतूंना बिअर मानवत नाही. नुकसान होतं ते चवीचं आणि पैशांचं.

१५. गेल्या महिन्यात जीव लावणारी बिअर यावेळी फुसकी लागली. माझं काही चुकतंय?

कदाचित बॅच वेगळी असेल. केग (टॅपला जोडलेलं पिंप) फोडून किती दिवस झाले, नळ्या कधी धुतल्या, बिअर किती थंड आली (प्रश्न ५), आधी काय खाल्लं (प्रश्न ११), यातलं काहीही असू शकतं. सर्दी असेल तर विषयच संपला. आयपीएचा सुगंध तर ताजेपणावरच जगतो. म्हणून नोंदीत तारीख आणि ठिकाण लिहायचं, आणि कॅनवर बॅच छापली असेल तर तीही.

१६. नोंद कशी लिहायची? मला 'स्मूद' आणि 'रिफ्रेशिंग' च्या पुढे शब्दच सुचत नाहीत.

'मस्त, स्मूद, रिफ्रेशिंग' हे ताकालाही लागू पडतं. वाचणाऱ्याला ती बिअर दुसऱ्या बिअरपासून वेगळी काढता आली पाहिजे. नमुन्याला एक खरी नोंद देतो:

'कोकम घातलेली गोजे, ४.५%, टॅपवरची. रंग धुतलेल्या गुलाबी कापडाचा, फेस मिनिटात बसला. वासात आगळ, मागे धणे, समुद्राकाठच्या ओल्या दगडाचा खारटपणा. पहिला घोट झणकन आंबट, मधे मीठ पुढे येतं, गिळल्यावर दातांवर तुरटी फिरल्यासारखं. कडवटपणा शून्य. बुडबुडे बारीक, टोचणारे. कोमट झाल्यावर धणे जास्त आणि आंबटपणा कमी. अर्धा ग्लास सुरेख, पुरा ग्लास मला जड गेला. सोलकढी आवडणाऱ्यांनी घ्यावी.'

यात आवड-नावड अगदी शेवटी आलीय, आणि आधीचं सगळं वाचून ज्याला आंबट आवडतं तो माझ्या नावडीकडे दुर्लक्ष करू शकतो. नोंदीचा उपयोग तोच. 'कोमट झाल्यावर' ही ओळ बहुतेक जण गाळतात. ग्लास संपत आल्यावर एकदा परत हुंगा, बिअर बदललेली असते.

१७. गुण किंवा तारे द्यावेत का?

स्वतःच्या आठवणीसाठी द्या. बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेची पद्धत ५० गुणांची आहे: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकंदर १०. दिसण्याला फक्त ३ आहेत, हे इन्स्टावर फोटो टाकणाऱ्यांनी बघून ठेवावं. शिवाय हे गुण प्रकार धरून देतात. गोजे चांगली गोजे आहे का एवढंच विचारायचं, ती स्टाउटसारखी नाही म्हणून गुण कापायचे नाहीत. अनटॅप्डसारख्या अॅपवर सगळ्या प्रकारांना एकच पाच तारे, त्यामुळे यादीच्या वर दाट स्टाउट आणि हेझी आयपीए जाऊन बसतात आणि बिचाऱ्या लागर खाली राहतात. तारे बघून बिअर निवडत असाल तर हे ध्यानात असू द्या.

१८. आमच्या ग्रुपमध्ये एक जण बोलला की सगळे तेच बोलतात. काय करावं?

सगळ्यांचं लिहून होईपर्यंत बोलायचं नाही. कडक नियम. 'अरे, केळं येतंय!' असं एकाने म्हटलं की सगळ्या टेबलाला केळं येतं, आणि मग खरंच येतं की कानातून आलं हे कळायला मार्ग राहत नाही. वाचून दाखवायची सुरुवात सगळ्यात नवख्यापासून करा. जो जाणकार म्हणून मिरवतो तो शेवटी. आम्ही बाटल्या कागदी पिशवीत घालून वर आकडा टाकतो. महागड्या परदेशी बिअरची अब्रू त्यात बऱ्याचदा जाते.

१९. मला फरक खरोखर कळतो की मी अंदाज मारतो, हे तपासता येतं का?

येतं. तीन ग्लास घ्या, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास कोणता ते ओळखायचं. ब्रूअरीतही हीच चाचणी वापरतात. नुसत्या नशिबाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक. सहा जणांपैकी चौघांचं बरोबर आलं तर हुरळून जाऊ नका, नशिबाने तसं दहातून एकदा होतं. पाच किंवा सहा जणांचं आलं तर ते नशिबाने होण्याची शक्यता २% पेक्षा कमी, म्हणजे फरक बहुधा खरा. ग्लास भरणारा माणूस मात्र खोलीबाहेर हवा, चेहऱ्यावरून कळतं.

२०. सगळ्यांना लोण्याचा वास आला, मला काहीच नाही. नाक गेलं की काय?

असं असतं. काहींना डायअसेटिल फारसं जाणवतच नाही, काहींना दुसरा एखादा वास. आपलं नाक कुठे आंधळं आहे ते समजलं की नोंदीत तसं लिहायचं. मी उकडलेल्या कणसाच्या बाबतीत कच्चा आहे, त्यामुळे तिथे शेजारच्याला विचारतो. पण सगळेच वास बोथट झाले असतील तर नाक थकलंय. स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूचा, अत्तर नसलेल्या त्वचेचा वास घ्या, मिनिटभर थांबा, मग परत ग्लासाकडे या.

२१. बिअर आवडली नाही आणि ब्रूअर समोरच उभा आहे. काय बोलू?

आधी मनाशी ठरवा: दोष आहे की आवडत नाही? 'मला आंबट आवडत नाही' ही माहिती तुमच्याविषयीची आहे, ब्रूअरला तिचा उपयोग नाही. 'लोण्याचा वास येतोय, दुसऱ्या टॅपच्या बिअरलाही येतोय' हे त्याला लगेच सांगा, कारण दोन वेगळ्या बिअरला एकच दोष म्हणजे संशय नळ्यांवर. चांगला ब्रूअर हे ऐकून स्वतः ग्लास हुंगायला घेतो. एका ठिकाणी मी हे सांगितल्यावर वेटरने नम्रपणे त्याच टॅपचा दुसरा ग्लास आणून दिला. तिथे वाद घालण्यात अर्थ नव्हता, बिल देऊन निघालो.

लोकांसाठी लिहिताना एकाच ग्लासावरून ब्रूअरीला झोडपू नका. दुसऱ्या बॅचमधून परत एकदा घ्या, मग लिहा. कॅन असेल तर तारीख आणि बॅचसकट आधी त्यांनाच कळवा.

२२. बिअर शाकाहारी असते का? घरी विचारतात.

बहुतेक असते. पण इंग्लंडच्या पारंपरिक पिंपातल्या एलमध्ये गाळ बसवायला आयसिंग्लास वापरायची रीत होती, अजूनही काही ठिकाणी आहे. ते माशाच्या वाताशयापासून करतात. मिल्क स्टाउटमध्ये दुधातली साखर असते, ऑयस्टर स्टाउटमध्ये कधी कधी खरोखर कालवं. शंका असेल तर ब्रूअरीला सरळ विचारा. गव्हाचं ग्लुटेन सोसत नसेल त्यांनी जवाचीही टाळावी, जवातही ग्लुटेन असतं.

२३. मी लंडनला असतो. इथे पबमध्ये कोमट, गॅस नसलेली बिअर देतात आणि त्यालाच चांगली म्हणतात. हा काय प्रकार?

ती कास्क एल. पिंपातच आंबणं पुरं होतं, वरून गॅस भरत नाहीत, हातपंपाने ओढून काढतात. तापमान ११ ते १३ अंश, म्हणजे कोमट नव्हे, तळघराच्या गारव्याची. अल्कोहोल बहुधा ४% च्या आसपास. ती लागरच्या अपेक्षेने घेतलीत तर निराशाच होणार. बिटर (तिथली नेहमीची कडवटसर एल) मागवा, सावकाश घ्या, आणि पिंप आज उघडलंय की परवा ते विचारा. दोन-चार दिवसांत ती उतरते.

२४. परदेशातून येताना कॅन आणता येतील? किती टिकतील?

करमुक्त मर्यादा दारू, वाइन, बिअर सगळं मिळून २ लिटर. म्हणजे ५०० मिलीचे चार कॅन, आणि मग व्हिस्की विसरा. सामान चेक-इनचं हवं. हेझी आयपीए आणत असाल तर छापलेली तारीख बघा. तीन महिने उलटले असतील तर तिकडेच सोडा. इम्पीरियल स्टाउट, बार्लीवाइन (नाव वाइनचं, पण ही जड एलच), लाम्बिक वर्षानुवर्षं राहतात, अंधारात आणि गारव्यात उभ्या ठेवल्या तर. ब्रूअरीतून ग्रोलर (टॅपवरून भरून घ्यायची मोठी बाटली) भरून आणला असेल तर फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

२५. चाखायला परवाना लागतो का? आणि दोन घोट घेऊन गाडी चालवली तर?

महाराष्ट्रात कायद्याने पिण्याचा परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजन्म. तो काढून ठेवा. गाडीचं उत्तर एका ओळीत: रक्ताच्या १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि सँपलर ती सहज ओलांडू शकतो (प्रश्न १० चा हिशोब बघा). रिक्षाने या.

२६. धुराचा वास येणारी बिअर घेतली, एका घोटात ठेवून दिली. अशा विचित्र बिअरला किती संधी द्यायची?

ती रॉखबिअर असणार. जर्मनीत बांबेर्ग गावात बीचच्या लाकडाच्या धुरावर माल्ट वाळवतात, श्लेंकेर्लाची बिअर त्यात सगळ्यात प्रसिद्ध. पहिल्या घोटाला तोंडात चुलीचा धूर आणि खारवलेलं मांस. तिथले लोक सांगतात की पहिल्या ग्लासवर मत बनवू नका, आणि त्यात तथ्य आहे. नाकाला धुराची सवय झाली की त्याखालचा गोडसर, भाजलेल्या पावासारखा माल्ट वर येतो. लाम्बिकचंही तेच. प्रकारच अनोळखी असेल तर निदान अर्धा ग्लास सावकाश संपवा, आणि पुढे कधीतरी दुसऱ्या ब्रूअरीची तीच जातकुळी चाखून बघा. तरी नाही आवडली तर नाही आवडली. दोष मात्र याला अपवाद. पुठ्ठा किंवा व्हिनेगर सापडलं तर दुसरा घोटही घेऊ नका.